नवव्या रकान्याचा ताबा

'पराभूत जपानच्या लष्करी शासनाचे नियोजन, 1942 ते 1945' हा विषय, म्हणजे हरलेल्या जपानचा कारभार जेत्या सैन्याने कसा चालवायचा याची आखणी, एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी निवडला, तेव्हा साधनग्रंथ मिळण्याची काळजी होती. ते मिळाले, अडले ते विषय-मंजुरीच्या अर्जाच्या नवव्या रकान्यापाशी, 'विषयाचा स्थानिक संदर्भ' या.

राजापूरहून एस.टी.ने रत्नागिरी गाठून दिलेला अर्ज "जपानचा कोकणाशी संबंध काय?" असा पेन्सिलीचा शेरा घेऊन परत आला. दुसऱ्या खेपेस मी लिहिले, की 1946 साली जपानमध्ये उतरलेल्या राष्ट्रकुलाच्या ताबा सैन्यात, ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती आणि तीत माझे आजोबा होते. (या सैन्याकडे शासनाचे काम नव्हतेच, ते अमेरिकनांनी स्वतःकडे ठेवले होते, पण हे मी अर्जात लिहिले नाही.) त्यावर पुरावा मागितला गेला. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचे डिस्चार्ज बुक सापडले, त्याचे शेवटचे पान वाळवीने खाल्लेले आणि आडनावात इंग्रजी 'डब्ल्यू'च्या जागी 'व्ही'. म्हणून प्रतिज्ञापत्र आणा. जुने कागद जोडणाऱ्यांनी स्पेलिंग घरीच जुळवून पाहावे, एक खेप वाचेल.

चौथ्या खेपेस साहेब बैठकीत होते. बाकावर बसून मी माझी टाचणे चाळत होतो. युद्ध कोण जिंकणार हे ठरलेले नसताना, मे 1942 मध्ये, अमेरिकेने शार्लट्सव्हिल येथे लष्करी शासन शिकवणारी शाळा उघडली. पण प्रत्यक्ष शरणागतीनंतर, सप्टेंबर 1945 मध्ये, थेट लष्करी अंमल पुकारणारे तीन जाहीरनामे छापून तयार असताना जपानचे परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मॅकआर्थर यांना जाऊन भेटले आणि ते जाहीरनामे बाजूला राहिले. जपानी मंत्रिमंडळ आणि कारकून जागेवरच ठेवून त्यांच्याकरवी हुकूम चालवायचे ठरले, कारण जपानी भाषा जाणणारे पुरेसे अधिकारी आणायचे कोठून?

मी साहेबांची वाट पाहणे सोडून आवक-जावकच्या टेबलाकडे गेलो. तेथल्या वयस्क बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "रकान्यात फक्त तालुका लिहा हो, आजोबा जोडपत्रात जाऊ देत." दहा मिनिटांत शिक्का पडला. हा रकाना मुळात तालुक्यासाठीच आहे, हे तीन महिन्यांत कोणी सांगितले नव्हते.

मंजुरीपत्रात विषय 'जपानच्या पराभूत लष्करी शासनाचे नियोजन' असा टंकलिखित झाला आहे. दुरुस्तीचा अर्ज सोमवारी देणार आहे, थेट बाईंकडे.