कांडी, सूत आणि एक मिलीमीटर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा आधी आठवली ती सूत गुंडाळायची एक लाकडी कांडी.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील मागावर, अम्मा घरी चरख्यावर कांड्या भरायची. १९८४ साली नववीत गणिताच्या सरांनी ‘घरातली गोल वस्तू आणा’ म्हणून सांगितलं. कुणी बांगडी आणली, कुणी डब्याचं झाकण. एकाने चक्क चकली आणली. ती प्रार्थनेपर्यंतही टिकली नाही. मी दप्तरातून कांडी काढली तर मागच्या बाकांवर खसखस पिकली.

सरांनी नेमकी तीच उचलली. ड्रॉइंगच्या कागदावर उभी धरली, बुडाशी सुताचे तीन वेढे दिले, टोकाला पेन्सिल बांधली आणि मला म्हणाले, “ताण सोडू नकोस. उलगडत जा.” पेन्सिल गोल फिरत बाहेर सरकत गेली आणि कागदावर चकली उमटली. वेढ्यांमधलं अंतर मोजलं : ४५ मिलीमीटर. पुढचं, तेवढंच. कांडीची जाडी १४, म्हणजे बावीस सप्तमांशाच्या हिशेबाने घेर ४४. एका फेऱ्याला घेराएवढं सूत सुटतं, तेवढीच रेघ बाहेर जाते. “मग हा एक मिलीमीटर कुठला?” वर्ग गप्प. मी चाचरत म्हणालो, “सर, सुतावर सूत चढलंय.” सर काही बोलले नाहीत, फळ्यावर ४५ लिहून त्याखाली रेघ ओढली.

मग खिशातून गोगलगाईचा शंख निघाला, तलावाकाठी सापडलेला. चकलीचे वेढे सारख्या अंतराने जातात, शंखाचा मात्र दर वेढा आधीच्याच्या पटीत रुंदावतो. गोगलगाय मागचं घर मोडत नाही, फक्त तोंडाशी भर घालते. म्हणून लहान काय नि मोठा काय, शंखाचा आकार तोच.

सूर्यफुलाचा तास तर दोन दिवस चालला. खेड्यावरून येणाऱ्या एका मित्राने ताटाएवढं फूल आणलं होतं. बियांच्या उजवीकडे वळणाऱ्या ओळींवर लाल रिफिलचे ठिपके, डावीकडच्यांवर निळे. माझी मोजणी ३३ आणि ५६. सरांनी फूल हातात घेतलं, शांतपणे मोजलं : ३४ आणि ५५. या आकड्यांचं कारण पुढे कळलं. दर नवी कळी आधीच्या कळीपासून साधारण १३७.५ अंशांनी वळून उगवते, त्यामुळे एकामागे एक अशी सरळ रांग लागतच नाही. ३४, ५५ हे आकडे ज्या मालिकेतले (मागचे दोन मिळवले की पुढचा), ती इटलीच्या फिबोनाची या गणितज्ञाच्या नावावर चालते. त्याचं पुस्तक १२०२ सालचं. आपल्याकडे हेमचंद्र या जैन आचार्यांनी त्याआधीच मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना ते मांडले होते. (हल्ली मोबाइलवर कुठल्याही शंखावर सोनेरी गुणोत्तराची, म्हणजे साधारण १.६१८ पटीची, रेघ मारून पाठवतात. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाला ती सहसा बसत नाही. सर असते तर पट्टी घेऊन मोजायला लावलं असतं.)

कांडीच्या तासाच्या त्या संध्याकाळी अम्माला ४५ चा शोध सांगितला. तिचा हात चरख्यावर थांबला नाही. म्हणाली, “कांडी भरत आली की एका फेऱ्याला जास्त सूत लागतं. हे शिकायला शाळेत जावं लागतं होय रे?”