'रेफर' आल्यानंतरचे चार महिने

लेक तीस तासांची होती. दूध पिऊन गाढ झोपली होती, तेवढ्यात नवजात बाळांचं ऐकणं तपासणारी ऑडिओलॉजिस्ट छोटं यंत्र घेऊन आली. कानात मऊ रबरी टोक बसवलं आणि बारीक टकटक सोडली. निरोगी कान अशा आवाजाला स्वतःहून अगदी क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतो. डेव्हिड केम्प यांनी तो 1978 मध्ये दाखवून दिला, म्हणून आज ही तपासणी (तिला ओएई म्हणतात) काही मिनिटांत उरकते. आमच्या पडद्यावर दोन्ही कानांसाठी एकच शब्द उमटला: 'रेफर', म्हणजे पास नाही, पुन्हा तपासा. ऑडिओलॉजिस्ट म्हणाली,

"कानात जन्मावेळचा चिकटा असू शकतो, पहिल्या एक-दोन दिवसांत असं होतं. पण पंधरा दिवसांनी नक्की या."

घरी पोहोचेपर्यंत त्यातला 'नक्की' गळून गेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ताट पडलं तर केवढी दचकली!" मलाही तेच ऐकायचं होतं. अपॉइंटमेंट मी एकदा पुढे ढकलली. आज सांगते, ते करू नका. ताट पडल्याचा आवाज मध्यम श्रवणदोष असलेल्या बाळालाही येतो. निसटतं ते हळू बोलणं, 'स' आणि 'फ'सारखे आवाज.

दुसऱ्यांदाही रेफर. मग बेरा, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद लाटांच्या रूपात टिपणारी तपासणी. बाळाला भुकेलं आणि जागं ठेवून आणा, असं सांगितलं होतं. तिथे पाजलं, झोपवलं, कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवले. आवाज हळूहळू कमी करत नेला, तशी पडद्यावरची पाचवी लाट बसकी होत गेली आणि पन्नास डेसिबलच्या खाली दिसेनाशी झाली. म्हणजे त्याहून हळू आवाज तिला ऐकू येत नव्हते. मी दोन तास तिचा पाय हातात धरून बसले होते. रडू नंतर आलं, बाहेरच्या बाकावर.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा नियम आहे. आम्ही चौथ्या महिन्यात श्रवणयंत्रं लावली. पूर्वी सात-आठ महिन्यांच्या बाळामागे खुळखुळा वाजवून बघत, आणि कित्येकांचं निदान बोलायचं वय उलटल्यावर होई. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा पुढे चांगली फुलते, हे 1998 च्या अभ्यासात दिसलं.

आता मोबाईलवर चालणारी स्वस्त यंत्रं तयार होत आहेत, तपासणीसोबत सीएमव्ही या गर्भातच लागण होऊन ऐकणं बिघडवू शकणाऱ्या विषाणूची आणि जनुकांचीही चाचणी करावी असा विचार चालू आहे. मला त्यात ओटोफर्लिन नावाच्या जनुकातल्या दोषाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. या दोषात आतला कान प्रतिध्वनी व्यवस्थित देतो, पण संदेश नसेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे नुसत्या टकटकीच्या तपासणीत असं बाळ पास होतं. आणि नेमक्या याच मुलांना जनुकोपचाराच्या चाचण्यांमध्ये ऐकू येऊ लागलं आहे. म्हणून विचारा, तपासणी फक्त ओएईची झाली की बेराचीही? पास झालेल्या बाळाकडेही लक्ष ठेवा. काही दोष नंतर सुरू होतात.

काल लेकीच्या डाव्या कानातल्या श्रवणयंत्रातून शिट्टी वाजायला लागली. म्हणजे कान वाढला, मोल्ड (यंत्राचा कानाच्या मापाने बनवलेला साचा) सैल झाला. हा तिसरा. उद्या नवीन माप द्यायला जायचंय.