काकू म्हणते, मला नको घेऊस त्यात

सोमवार

काकांच्या आत्मवृत्ताची तिसरी वही आज टाइप करून झाली. फुलस्केप, समास आखलेला, निळी शाई, आणि बढतीची तारीख आली की तिच्याखाली लाल रेघ. मे महिन्यात सहस्रचंद्रदर्शन आहे, तोवर पुस्तक छापून हातात हवं. नातेवाइकांत वाटायला पन्नास प्रती. भाचा मुखपृष्ठ करणार, मी टंकलेखन आणि 'थोडं शुद्धलेखन बघ'.

शुद्धलेखन बघायला काही नाही, ते चोख आहे. अडचण वेगळीच. झोपाळ्यावर बसून काका बोलायला लागले की बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा डोळ्यांपुढे उभा राहतो. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक नळ, पहाटे अंधारात ओळीने लावलेल्या बादल्या, कुणाची बादली कुणी मागे सरकवली यावरून झालेली भांडणं, आणि त्या भांडणातून जमलेलं एक लग्नसुद्धा. तेच काका वहीत लिहितात, 'बालपण अत्यंत खडतर परिस्थितीत व्यतीत झाले.' आणि पुढच्या वाक्यात थेट मॅट्रिक.

"काका, नळ कुठे गेला?"

"ते काय लिहायचं? ते तर सगळ्यांचंच होतं."

काकूबद्दल अख्ख्या वहीत एक वाक्य आहे. तारीख, तिथी, 'माझा विवाह संपन्न झाला'. कुणाशी, ते नाही. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर काकू तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्यांना ठाऊक आहे कुणाशी झाला ते."

मंगळवार

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन आले. किती वर्षांनी गेले! सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून 1910 साली सुरू केलेलं हे प्रकरण. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि मजल्यांना काचेची जमीन, म्हणजे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत उतरावा. लहानपणी बाबांचा हात धरून त्या काचेवर पाय टाकायला मी घाबरायचे.

काकांना नमुने दाखवावेत असं मनात होतं. 'असं लिहा' म्हणण्यापेक्षा 'हे वाचा' म्हणणं बरं पडतं, विशेषतः वयाने मोठ्या माणसाला. म्हणून धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' हवं होतं. 1915 सालचं. मुरूडहून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले आणि तिथे वय कमी दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही, हा प्रसंग काकांना आवडेलच. कर्व्यांचा आवाज शेवटपर्यंत सपाट आहे, स्वतःची कीव नाही की कौतुक नाही. आपल्याकडच्या सार्वजनिक कार्यकर्त्यांच्या बहुतेक चरित्रांत उपकारांची यादी असते, इथे जमाखर्च आहे.

पण त्याच घरातून जवळजवळ तीस वर्षांनी दुसरं पुस्तक निघालं. आनंदीबाईंचं, म्हणजे बाया कर्व्यांचं, 'माझे पुराण', 1944. मूळची गोदूबाई, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली, 1893 साली कर्व्यांशी पुनर्विवाह. नवरा घरातलं होतं-नव्हतं ते संस्थेला देतोय, विम्याची पॉलिसीसुद्धा देऊन टाकतोय, आणि संसार कसा चालवायचा हे ठरवायचं बाईने. मग बाई सुईणपणाचं शिकून घेते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की महर्षी लहान होत नाहीत, घर मोठं होतं. माझं स्पष्ट मत असं की थोर माणसाचं आत्मचरित्र बायकोच्या आत्मचरित्राशिवाय विकूच नये. जोडीनेच विकावं.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर विचारूच नका. रेव्हरंड टिळक 1919 ला गेले, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा. न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले पैसे वाटून मोकळा होणारा, 1895 साली धर्म बदलून बसलेला हा नवरा त्यांनी असा काही रंगवलाय की राग यावा आणि हसूही यावं. टिळक समोर बसलेले असते तर हे असंच लिहून झालं असतं का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. बहुतेक झालं असतं. बाई तशी होती.

परतताना रावपुऱ्यात रिक्षा अडकली. तारांना अजून उत्तरायणातल्या फाटक्या पतंगांच्या झिरमिळ्या लोंबतायत.

बुधवार

काका हिशेबाच्या कामाला बाहेर गेलेले. काकूला धरून बसवलं. म्हटलं, तू बोल, मी लिहून घेते, एक प्रकरण तुझं घालू.

तिने सांगितलं. काकांची बदली मेहसाण्याला आणि ही दांडिया बाजारात सासूबाईंजवळ, ते दिवस. चहाचं आधण दोनदा उकळून आटलं तरी ती बोलत होती. मी वीस वर्षं या घरात येते-जाते आणि त्यातलं मला काडीचंही माहीत नव्हतं. सगळं झाल्यावर पदराने चष्मा पुसत म्हणाली, "पण हे नाही हं लिहायचं. मला नको घेऊस त्यात."

"अगं, पण का?"

"त्या आता आहेत का उत्तर द्यायला? आणि त्यांच्या नाती पुस्तक वाचणार. त्यांची आजी त्यांना प्रेमळच होती. खोटं नाही ते."

मी म्हटलं, मग तुझं खरं कुठे जाणार? म्हणाली, "तुला सांगितलं की."

ती काय बोलली ते म्हणून इथेही लिहीत नाही.

गुरुवार

आज काकांशी वाद झाला. चौथ्या वहीत 'आमचे बडोदे' म्हणून प्रकरण आहे. सयाजीराव, 1906 साली सगळ्या राज्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयं, संगीत, न्यायमंदिर. सगळं खरं आणि अभिमान वाटावा असंच. मग हे वाक्य: 'याच नगरीने बाबासाहेबांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली.' पूर्णविराम.

म्हटलं, काका, हा पूर्णविराम नाही चालणार.

बाबासाहेबांनी सलग आत्मचरित्र असं लिहिलंच नाही. इंग्रजीतली थोडी पानं मागे राहिली, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने, तीही त्यांच्या पश्चात 1990 ला पुस्तिका म्हणून छापली गेली. त्यात बडोदं आहे. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे 1917 मध्ये ते इथे नोकरीला आले. राहायला जागा कुणी देईना. मग पारशी सराई. तिथे फक्त पारशी उतरणार, म्हणून रखवालदाराशी ठरवून वहीत पारशी नाव. जेवण-राहणं धरून रोजचा दीड रुपया. वर अडगळीने भरलेला मोठा हॉल, वीज नाही, रखवालदार आणून ठेवायचा तो छोटा कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. आठवड्याची मुदत मागितली, ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत सराई सोडायची ताकीद. दोन मित्रांना विचारलं. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारावं लागेल.

मुंबईची गाडी रात्री नऊची. तोवरचा वेळ ते कमाटीबागेत बसून राहिले. काका रोज सकाळी जिथे फिरायला जातात ती कमाटीबाग. आईवडिलांची आठवण आली, असं त्यांनी लिहिलंय. आठ वाजता उठले, घोडागाडी करून सराईत गेले, सामान खाली आणलं. रखवालदार बाहेर आला. दोघांनाही बोलता येईना. त्याला वाटत होतं, आपल्यामुळे हा माणूस अडचणीत आला. बिल चुकतं केलं, त्याने ते मुकाट्याने घेतलं.

त्या दिवशीसुद्धा, ते लिहितानासुद्धा, रखवालदाराला काय वाटत असेल याला त्यांनी जागा ठेवली. काठ्या आणणाऱ्यांना एकही शिवी नाही. दीड रुपया मात्र आहे. विशेषणं लावून हे प्रकरण चौपट लांबवता आलं असतं आणि मग ते मी विसरूनही गेले असते.

काकूचं गाळणं आणि हे गाळणं एक नव्हे, एवढंच मला काकांना सांगायचं होतं. ती दुसऱ्याच्या नातींसाठी गाळते. आपण आपल्या गावाची इस्त्री मोडू नये म्हणून गाळतो. काका चिडले. "माझ्या पुस्तकात मी बडोद्याची बदनामी करू?" मी पानं छापून नेली होती, ती झोपाळ्यावर ठेवून घरी आले.

शुक्रवार

सकाळी सातला काकांचा फोन. "सराई कुठे होती गं नेमकी?" म्हणजे रात्रीत वाचून काढलं होतं. मग आपणहून म्हणाले, पूर्णविराम खोडलाय, खाली दोन परिच्छेद जोडलेत, येऊन बघ.

बघितलं. अजून 'खेदजनक घटना' वगैरे आहेच, पण दीड रुपया आलाय. कंदीलही आलाय.

दुपारी दलित लेखिका बेबी कांबळ्यांची आठवण निघाली. 'जिणं आमुचं', 1986. किराणा दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या अधूनमधून लिहिलेलं आणि कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवलेलं. पुस्तकात 'मी' थोडी आणि वस्ती, उपास, बाळंतपणं, सणवार, सासुरवास भरपूर. स्वतःला नवऱ्याचा मार खावा लागला, हे त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात का नाही, तर तेव्हा घरोघरच्या बायांच्या वाट्याला तेच होतं.

म्हणजे जवळजवळ काकांचंच वाक्य! सगळ्यांचंच होतं. पण बेबीताईंनी सगळ्यांचं होतं म्हणून वस्ती लिहिली, आणि काकांनी सगळ्यांचं होतं म्हणून नळ गाळला. हे मी काकांना ऐकवलं. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि मग म्हणाले, "नळाला लाकडाची खुंटी होती. तोटी चोरीला जायची ना." मी लगेच वही पुढे केली.

शनिवार

छापखानेवाल्याचा निरोप आला. फॉर्मा सोळा पानांचा, म्हणजे पानं सोळाच्या पटीतच हवीत. मजकूर चालला शहाऐंशीवर. तर सहा पानं कापा, नाहीतर आणखी दहा भरा, मधलं काही परवडणार नाही. मराठी साहित्यातली किती आत्मचरित्रं या सोळाच्या हिशेबाने वाढली किंवा आखडली असतील कोण जाणे!

काकांचं म्हणणं, प्रशस्तिपत्रांचे फोटो टाकू, दहा पानं सहज निघतील. मी म्हटलं, उलट प्रशस्तिपत्रांची यादीच काढा, सहा पानं तिथेच सुटतील. भाचा म्हणाला, वंशावळ टाका. भाच्याला सगळ्यात वंशावळच दिसते.

काकू आतून आली ती हातात छापील पानांचा गठ्ठा आणि कानाला पेन्सिल. काल रात्री ती सगळं वाचत बसली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. वाड्याच्या पानांवर चार ठिकाणी दुरुस्त्या. भाडं तीस नव्हे, पस्तीस. नळ पूर्वेला नव्हे, तुळशीच्या मागे. लग्न जमलं ते बादलीवरून नव्हे, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. आणि 'विवाह संपन्न झाला' या ओळीवर तिने आडवी रेघ मारलीय.

"हे का खोडलंस?" काकांनी विचारलं.

"नाव घालायचं नसेल तर तारीख तरी कशाला? एक तर दोन्ही, नाहीतर काहीच नको."

काकांनी पेन उघडलं. नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "संपादक मंडळ फार वाढलं गं. यांचा चहा कोण करणार?"

"तुम्हीच," काकू म्हणाली, आणि पुढची पानं काढून बसली.