फॉर्म भरला म्हणजे झालं, असं नसतं पोरांनो

आमच्याकडे फर्स्ट इयरला येणारी कितीतरी पोरं अशी की घरात कॉलेजची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. कोणी यावलकडचं, कोणी चोपड्याच्या वर सातपुड्यातल्या पाड्यावरचं, आईबाप कापूस वेचायला नाहीतर केळीच्या बागेत. हुशार आहेत हो, त्यात वादच नाही. फक्त घरी विचारायला कोणी नाही आणि कॉलेजात विचारायची लाज वाटते. स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहतात, आपण मान वर केली की "काही नाही मॅडम" म्हणून पसार. म्हणून "काही अडचण आली तर या" हे वाक्य मी बोलणंच सोडलंय, कोणी येत नाही, आपल्यालाच नाव घेऊन हाक मारावी लागते.

सगळ्यात मोठी भानगड स्कॉलरशिपची. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवरचा, फॉर्म पोरं सायबर कॅफेत भरतात, कॅफेवाला घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकून मोकळा होतो, पुढच्या वर्षी रिन्यूअलला ओटीपी जातो त्याच्या फोनवर आणि हे बसतात कॅफेच्या चकरा मारत. बरं, फॉर्म सबमिट झाला की काम संपलं असं वाटतं यांना. पण अर्ज आधी कॉलेजात तपासतात, मग तो सरकारी खात्याकडे जातो, मध्येच कुठे दाखला पुसट दिसला की परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला. आता ते लॉगिन उघडून बघतंय कोण?

एकदा एका पोराचा अर्ज मंजूर, पैसे जमा झाल्याचं स्क्रीनवर दिसतंय, आणि हा पासबुक घेऊन माझ्यासमोर, "मॅडम, पैसा तर उनात नही." पासबुकात खरंच काही नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येणारे, पैसे आधारला जे खातं जोडलेलं असतं त्यात जातात, पासबुक कुठलं दाखवलं याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तपासलं तर निघालं भलतंच खातं! सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन कुठल्यातरी पेमेंट बँकेत उघडलेलं. पैसे तिथे आरामात पडलेले आणि हा तिकडे मित्राकडून उसने घेऊन मेसचं बिल भरतोय.

तेव्हापासून ऑगस्टमध्ये मी एक तास शिकवतच नाही. मोबाईल काढा म्हणते, आधारला कोणती बँक जोडलीय ते बघा, महाडीबीटीचं लॉगिन स्वतःच्या नंबरवर आहे का बघा, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. (पासवर्ड लिहू नये वगैरे माहितीये मला, पण विसरल्यावर काय होतं तेही माहितीये.) पाहुणे बोलावून हारतुरे करून जो स्वागत समारंभ होतो ना, त्याच्यापेक्षा हा तास बरा. मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे कोणत्या शिक्षकाने कोणत्या पोरांकडे लक्ष द्यायचं त्याच्या, फायलीसुद्धा आहेत आमच्याकडे, सुंदर कव्हर घातलेल्या, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम आली की टेबलावर येतात.

दुसरं म्हणजे रिझल्ट. सेमिस्टरला एक विषय राहिला की पोरगं समजतं सगळंच संपलं. एक तर थेट सुरतला गेला, गावातली दहाजण तिथे कामाला असतातच, त्यांच्यासोबत कापड मार्केटमध्ये पार्सलं उचलायला. वर्गातल्या पोरांकडून नंबर घेऊन फोन केला, म्हटलं अरे तुला एटीकेटी आहे, पुढच्या वर्गात बसता येतं, राहिलेला विषय नंतर काढायचा. तर म्हणतो, "मग घरी सांगू का तसं?" बापाला त्याने नापास म्हणून सांगून टाकलेलं, बापानेही ठीक आहे म्हणून गाडीत बसवलेलं. त्या माणसाचंही काय चुकलं, त्याला तरी कोण सांगणार होतं.

मुलींच्या आईबापांना मात्र एक गोष्ट मी मुद्दाम फोन करून सांगते. २०२४-२५ पासून इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या व्यावसायिक कोर्सला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, अ‍ॅडमिशन घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या), ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. "फी झेपणार नाही म्हणून बीए" असं ठरवण्याआधी निदान चौकशी तरी करा.

आणि एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा नवीन एप्रिलमध्येच काढून ठेवा. जूनमध्ये दाखल्यांच्या सेतू केंद्रावर अख्खा तालुका उभा असतो आणि सर्व्हर नेमका तेव्हाच झोपतो. पुण्या-नाशिकला नोकरीला लागलेली आमची जुनी पोरं सुट्टीत घरी येतात, त्यांनी गल्लीतल्या बारावीच्या पोरांचं एवढं काम करून दिलं तरी मला बरेच फोन कमी करावे लागतील.