पित्ताची गोळी उपाशीपोटी घेतली, पण जेवण कधी?

पॅन्टोप्रॅझोलची ४० मिलिग्रॅमची गोळी आपल्या मराठवाड्यात 'गॅसची गोळी' म्हणून घरोघरी पोचली आहे. कुणी छातीत जळजळ सुरू झाल्यावर ती घेतं, कुणी रात्री झोपताना. बरेच जण पहाटे उठल्या उठल्या गोळी घेतात, वर चहा पितात आणि शेताकडं निघतात. भाकरी थेट दहा-अकराला. या तिन्ही वेळा चुकीच्या आहेत.

जठराच्या अस्तरातल्या काही पेशी आम्ल तयार करतात. त्यांच्यातले सूक्ष्म पंप ते आम्ल जठरात सोडतात. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही औषधं हे पंपच बंद पाडतात. मात्र गोळीचं काम जठरात होत नाही. आम्लात औषध नासतं, म्हणून त्यावर आवरण असतं. ते लहान आतड्यात विरघळतं, औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून त्या पेशींपर्यंत जातं. तिथं ते चालू असलेल्या पंपालाच धरतं. थांबलेला पंप सुटतो. पंप जोरात चालू होतात ते जेवणानं, आणि रक्तातलं औषध तर एक-दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. नुसतं 'उपाशीपोटी' एवढंच लक्षात ठेवून भागत नाही. भाकरी दहाला खाणार असाल तर गोळी डब्यासोबत शेतात न्या आणि सव्वानऊला घ्या. ती चावायची नाही, मोडायची नाही. आवरण फुटलं की औषध जठरातच नासतं.

पहिल्या दिवशी सगळे पंप औषधाच्या हाती लागत नाहीत आणि शरीर रोज नवे पंप बनवतं. पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस लागतात. 'एक गोळी घेतली, काही फरक नाही' म्हणून सोडून देऊ नका.

आत्ता जळजळतंय, तर त्यासाठी पातळ अँटासिड. त्यातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम तयार आम्ल मारतं. आराम मिनिटांत पडतो, पण फार टिकत नाही. मॅग्नेशियमनं जुलाब होऊ शकतात, ॲल्युमिनियमनं पोट साफ होत नाही, म्हणून दोन्ही एकत्र देतात. लोहाची गोळी आणि अँटासिड यांत दोन तास, थायरॉईडची गोळी असेल तर चार तास अंतर ठेवा. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी त्याची सवय लावू नये. फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं आणखी एक औषध तासाभरात काम करतं आणि रात्रीच्या त्रासाला बरं, पण रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो.

यातलं कोणतंही औषध अन्ननलिकेच्या तळाची सैल झालेली झडप घट्ट करत नाही. आम्ल कमी होतं, वर येणं चालूच राहतं. ठेचा-भाकरी पोटभर खाऊन लगेच खुरपायला वाकलं की पोट दाबलं जातं आणि घशाशी आंबट येतं. तंबाखूनं झडप आणखी सैल पडते. जेवल्यावर निदान तासभर वाकायचं काम टाळा. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी उरका. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांनी वीतभर उचला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा.

साध्या जळजळीला साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स पुरतो. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर आम्ल उसळून पूर्वीपेक्षा जास्त बनतं. तेव्हा माणसाला वाटतं, गोळीशिवाय आपलं चालतच नाही. हा उसळलेला त्रास बहुधा काही आठवड्यांत बसतो. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करा, मधल्या जळजळीला अँटासिड चालेल. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. सांधेदुखीची गोळी रोज लागते किंवा अल्सर होऊन गेला आहे, अशांनी मात्र पित्ताची गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

घास अडकणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काही दिसलं तर मेडिकलवर न थांबता डॉक्टर गाठा, एंडोस्कोपी लागू शकते. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजू नका. तडक ईसीजी काढा.