पेटी हलकी होत गेली : आमची वाटचाल

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी भूगोलाची पुस्तके आणि साधने निवडायची, वयोगटानुसार पेटी भरायची आणि ती पालकांकडे पाठवायची, एवढाच आमचा व्यवसाय. सुरुवातीच्या पेटीत बारा पुस्तके जात. आज चार जातात. उरलेली जागा पृथ्वीगोल, नकाशे, दगडांचे तुकडे आणि रिळाचा दोरा यांनी घेतली आहे. हे हातात घेऊन मूल काय मोजेल, काय ताडून पाहील, हा प्रश्न आम्ही प्रत्येक वस्तूला लावतो. उत्तर सापडले नाही, तर वस्तू कितीही देखणी असो, ती पेटीत जात नाही.

पाठ्यपुस्तके आम्ही विकत नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक मात्र जिल्ह्यागणिक वेगळे असते, त्यामुळे आपल्याच जिल्ह्याचे घ्यावे. भूगोलाचे स्वतंत्र पुस्तक सहावीपासून सुरू होते. मोठ्या मुलांच्या पालकांना आम्ही आधी परीक्षा कोणती द्यायची ते विचारतो. सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा) भरून राज्य मंडळाची दहावी द्यायची असेल तर भारत आणि ब्राझील यांची तुलना करणारे पुस्तक लागते. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या) दहावीत भूगोल हा सामाजिक शास्त्राचा एक भाग असतो आणि स्वतंत्र विषय म्हणून तो बारावीला येतो. हे न विचारता घेतलेली पुस्तके कपाटात पडून राहतात.

अ‍ॅटलासच्या निवडीत आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. मुखपृष्ठावरच्या 'नवी आवृत्ती' या शिक्क्यावर विसंबू नये, आतली तीन ठिकाणे पाहावीत. लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश दाखवला आहे का (३१ ऑक्टोबर २०१९ पासून)? दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आहेत का (२६ जानेवारी २०२० पासून)? महाराष्ट्राच्या नकाशात पालघर आहे का (२०१४)? पालघर आहे पण लडाख जम्मू-काश्मीरमध्येच आहे, असा अ‍ॅटलास हमखास सापडतो. म्हणजे राज्याचे पान नवे आणि देशाचे जुने. त्यानंतर शेवटची सूची उघडावी. गावाच्या नावापुढे नुसता पानाचा क्रमांक असेल तर तो अ‍ॅटलास आम्ही ठेवत नाही. अक्षांश-रेखांश दिलेले हवेत, तरच मूल स्वतः ठिकाण शोधायला शिकते. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे सूचीत नव्या-जुन्या दोन्ही रूपांत असली तर उत्तम, कारण घरातल्या जुन्या पुस्तकांत जुनीच नावे असतात.

परदेशी अ‍ॅटलास आणि गोल आम्ही बंद केले. छपाई सुरेख असते, पण काश्मीरची सीमा तुटक रेघांनी दाखवलेली असते. भारताची सीमा चुकीची दाखवणारा नकाशा छापणे हा आपल्याकडे गुन्हा आहे.

पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचाच घ्यावा. पृथ्वीचा विषुववृत्तीय व्यास १२,७५६ किलोमीटर, म्हणजे या गोलावर एक सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई ते दिल्ली पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, मुंबई ते लंडन साधारण १७. रिळाचा दोरा दोन टोकांना धरून गोलावर ताणायचा, खूण करायची आणि पट्टीवर मोजायचा. इलॅस्टिकचा किंवा लोकरीचा धागा ताणला की लांबतो आणि उत्तर चुकते. गोल घेताना विषुववृत्ताच्या सांध्यावर नजर फिरवावी. दोन अर्धगोल चिकटवताना जरा सरकले की आफ्रिकेचा आणि सुमात्राचा किनारा तिथे तुटतो. डोंगर उंचावून दाखवणारे उठावाचे गोल आम्ही पेटीतून काढून टाकले. ३० सेंटिमीटरच्या गोलावर ८,८४९ मीटरचे एव्हरेस्ट खरे तर ०.२ मिलिमीटर भरते. दोन मिलिमीटर उंच हिमालयावरून हात फिरवलेल्या मुलाच्या मनात पृथ्वी खडबडीत असल्याची समजूत घट्ट बसते आणि ती पुढे काढणे अवघड जाते.

पेटीतला आमचा सगळ्यात आवडता कागद म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे रस्ते, ओढे, वस्त्या आणि उंची दाखवणारा लहान भागाचा तपशीलवार नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून हे काम करतो आहे. १:५०,००० प्रमाणाचे त्यांचे खुले नकाशे संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. आपले घर ज्या नकाशात येते तोच मागवावा, प्रसिद्ध ठिकाणाचा नको. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. रोजचा दुकानापर्यंतचा रस्ता आधी दोऱ्याने मोजायचा आणि मग चालून पाहायचा. गोंधळ होतो तो छपाईत. ए-फोर कागदावर 'फिट टू पेज' करून छापले की नकाशा आक्रसतो आणि १:५०,००० हा आकडा खोटा ठरतो. खालची रेषात्मक पट्टी (किलोमीटरच्या खुणा असलेली) मात्र नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून ती खरी राहते. मोजमाप तिच्यावरूनच करावे, किंवा छापताना १०० टक्के प्रमाण निवडून नकाशाचा हवा तेवढाच तुकडा घ्यावा.

समोच्च रेषांसाठी (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांसाठी) दोन मिलिमीटर जाडीचे फोमचे कागद देतो. नकाशात दर २० मीटरला एक रेषा असेल तर प्रत्येक पाचवी, म्हणजे शंभराची रेषा जाड असते. फक्त या जाड रेषा कापायच्या. १:५०,००० ला शंभर मीटर म्हणजे बरोबर दोन मिलिमीटर, त्यामुळे उंची आणि लांबी एकाच प्रमाणात येतात. पायथ्यापासून ६०० मीटर उंच गड घेतला तर सहा थर होतात आणि उंची १२ मिलिमीटर भरते. मुले हिरमुसतात, गड चपटा दिसतो. मग तोच गड पाच मिलिमीटरच्या फोममध्ये करायचा. तो ओळखीचा दिसतो, पण उंची अडीच पट झालेली असते. दोन्ही गड शेजारी ठेवावेत. थर चिकटवण्याआधी प्रत्येक थरावर त्याच्या वरच्या रेषेची पेन्सिलीने खूण करावी, नाहीतर माथा एका बाजूला सरकतो.

दगड आम्ही संग्रहाचे म्हणून विकत घेत नाही, फरशीवाल्याकडचे तुकडे घेतो. शहाबादी, कडप्पा, संगमरवर, साधा काळा दगड (बेसाल्ट) आणि कोकणातला जांभा, एवढे पुरतात. दगड खिळ्याने ओरखडायचा आणि त्या भुकटीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे. न ओरखडता टाकले तर बुडबुडे इतके बारीक येतात की दिसत नाहीत. शहाबादी आणि संगमरवर फसफसतात, कारण ते चुन्याचे दगड आहेत. कडप्पा काळा दिसतो, म्हणून मुले त्याला बेसाल्ट म्हणतात, पण तोही चुनखडकच. बेसाल्ट शांत राहतो. अडचण एकच: बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे कॅल्साइट (चुन्याचे खनिज) भरलेले असेल तर तिथे फेस येतो, म्हणून थेंब काळ्या भागावर टाकावा.

मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. त्यातली भूरूपे, नद्या आणि खडक यांच्या नोंदी आम्ही यादीत देतो. लोकसंख्या आणि उत्पादनाचे आकडे त्यातून घेऊ नयेत, ते खंड निघाला त्या काळचे असतात.

पावसाळ्यात पाऊस मोजायला सरळ बाजूंची बाटली लागते. वरचा भाग कापून उलटा बसवायचा, तळाचा खळगा बुडेपर्यंत पाणी घालून तिथे शून्याची खूण करायची आणि रोज सकाळी साडेआठला मोजायचे. भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवावे, नाहीतर वाऱ्याचा पाऊस अडतो आणि नोंद कमी येते.

काठीची सावली हे साधन मात्र एप्रिलमध्येच पाठवावे लागते. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर आल्याने उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते तो दिवस, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेच्या अखेरीस येतो. तेव्हा सूर्य डोक्यावर येतो तो मुंबईत साधारण १२:३५ ला आणि नागपुरात १२:१० ला, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताचे आहे आणि ही शहरे त्याच्या पश्चिमेला आहेत. बारा वाजता पाहणाऱ्याला सावली दिसतेच. म्हणून दर पाच मिनिटांनी टोकावर खूण करण्याचा तक्ता सोबत देतो. दुसरी संधी जुलै-ऑगस्टमध्ये येते, पण तेव्हा आभाळ भरलेले असते, म्हणून ही पेटी उशिरा पाठवून चालत नाही.