भुताकय कायदो असता

शनिवार, रात्री पाऊण

झोप उडालीच आहे, तर लिहून टाकते. आई पंधरा दिवसांसाठी डोंबिवलीला आली आहे आणि तिच्या जावयबापूंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कौतुकाने तिला ‘रात्रीस खेळ चाले’ ही कोकणातल्या भुताखेतांची मालिका लावून दिली आहे. पहिली, २०१६ ची. तेव्हा ती झी मराठीवर रात्री साडेदहाला लागायची आणि आमच्या मजल्यावर साडेदहानंतर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला कुणी जायचं नाही. आता म्हटलं तर सकाळी नऊला पोहे खातानाही बघता येते. मजा अर्धी तिथेच गेली.

उरलेली अर्धी नवरा घालवतो. तो नगरचा, त्यात इंजिनिअर. वाड्यातले कर्ते अण्णा नाईक वारले, इथून मालिका सुरू होते आणि तिथूनच त्याचे प्रश्न. एवढं सगळं होतंय तर अण्णांचा मुलगा माधव आणि सून निलिमा मुंबईला परत का जात नाहीत? अंधारात बाहेर पडताना एकाच्याही हातात बॅटरी का नसते? कुणाला काही दिसलं की तो माणूस ओरडायचं सोडून डोळे विस्फारून उभा का राहतो? घरातल्या गड्याचं, पांडूचं ‘इसरलंय’ तर त्याला अजिबात पटत नाही. म्हणे, नेमकं महत्त्वाचं तेवढंच कसं विसरतो हा? मी सांगितलं, अरे, पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. तर म्हणाला, “मग बरोबर आहे. अडलं की विसरायचं.”

यावर मी हसले. आई हसली नाही.

आई मूळची कुडाळकडची. मालिकेचा वाडा आकेरीतला, म्हणजे तिच्या माहेरापासून फार लांब नाही. तिलाही मालिकेतलं बरंच खटकतं, पण तिची खटकण्याची जागा वेगळी. पडद्यावर काहीतरी सळसळलं, ढोल वाजले, एकच चेहरा तीन बाजूंनी दाखवला, की नवरा म्हणतो, “हे शक्यच नाही.” आई म्हणते, “ह्या खंयचा भूत?”

तिला पत्ता हवा असतो. मुंजा असेल तर पिंपळावर. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो, आपलं झाड सोडून माजघरात कशाला येईल? गिऱ्हा असेल तर पाण्याजवळ. चकवा तर अंगाला हातही लावत नाही, नुसता त्याच त्या वाटेने फिरवत ठेवतो. आणि देवचार तर भीती घालणाराच नव्हे. तो राखणदार, रात्री वाट चुकलेल्याच्या पुढे चूड घेऊन चालतो आणि घरापर्यंत सोडतो. मालिकेतलं मात्र कुठेही उगवतं, कुणालाही दिसतं आणि जाहिराती आल्या की जातं. “भुताकय कायदो असता,” असं तिने आज जावयाला ऐकवलं. तो बिचारा पोहे गिळून गप्प. एवढा वेळ तो समजत होता की घरात तर्काची बाजू त्याची आहे.

मला आईचंच पटलं. घाबरायचं तर आधी नियम माहीत हवेत. पिंपळाखालून जायचं नाही, हे ठाऊक असतं म्हणून तर पिंपळ जवळ आला की पावलं झपझप पडतात. वाटेल तिथून वाटेल ते निघायला लागलं, की माणूस दचकतो फक्त. दचकायला काय, कुकरच्या शिट्टीनेही दचकतो.

२०१९ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा आमच्या लोकलच्या डब्यात हाच वाद रंगायचा. कथा मागे गेली, अण्णा जिवंत, त्यांचं जिच्याशी लफडं ती शेवंता आली. एक मैत्रीण म्हणायची, शेवट माहीत असताना भीती कसली? दुसरीचं दुखणं वेगळंच: गोष्ट गेली कितीतरी वर्षं मागे, पण अण्णांची बायको माई झालेल्या त्याच शकुंतला नरे, आणि त्या तर मधल्या काळात तीन वर्षांनी मोठ्या झाल्या की! यावर दिवा ते घाटकोपर चर्चा. मला मात्र दुसरा भाग जास्त टरकवणारा वाटला होता. माधव अभ्यंकरांचे अण्णा नुसते ओटीवर येऊन बसले तरी घरातल्या बायकांचे आवाज खाली यायचे. तिथे कुणी बॅटरी का घेतली नाही, असं विचारायचं सुचत नव्हतं.

पहिला भाग चालू होता तेव्हा सिंधुदुर्गात ओरड झाली होती. मालवणी माणूस अंधश्रद्धाळू, भांडकुदळ दाखवलाय, बंद करा. मामा तर जेवताना चिडून बोलायचा, आणि बोलून झालं की हात धुऊन साडेदहाला टीव्हीसमोर.

आज रात्री जेवणानंतर पुन्हा दोन एपिसोड बघितले. भुताचं काहीच नव्हतं त्यात. जमिनीवरून बोलाचाली, कुणाच्या मनात काय, कुणाच्या वाट्याला काय. नवऱ्याला आक्षेप घ्यायला काही सापडेना, तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. आईने मात्र गुडघे पोटाशी घेतले. एका ठिकाणी वाड्याचा दरवाजा दिसला तशी म्हणाली, “थांबव गो. मागे घे.”

मागे घेतलं. दरवाजा, त्याची लोखंडी कडी, बाजूला कोनाडा. ती चष्मा पुसून टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली. मी विचारलं, काय दिसलं?

“आपल्या कडयेक मधी वाकडेपण असा,” ती म्हणाली. “तुझ्या आज्यान कोयतीन मारलेला.”

तिच्या माहेरचं घर गेली चार वर्षं बंद आहे. सातबारावर अकरा नावं, चावी कुणाकडे यावरून दोन मामा एकमेकांशी बोलत नाहीत, गणपतीही आता मोठ्या मामाच्या ब्लॉकमध्ये बसतो. आई बराच वेळ त्या थांबलेल्या दरवाजाकडे बघत उभी होती. मग नवऱ्याने न विचारताच टीव्ही बंद केला आणि हॉलमधला दिवा लावला.

आता ती आतल्या खोलीत जागीच आहे. मघाशी धाकट्या मामाला फोन लावायचा म्हणत होती. मी म्हटलं, साडेबारा वाजून गेलेत, सकाळी लाव. तर म्हणाली, पावसाआधी कौलं कोण शाकारणार, एवढंच विचारायचं आहे.